पुढचे बदलले, मागचे ठेवले: जुन्या डिस्कव्हरी ३ साठी एअर स्ट्रटची निवड

गाडी २००६ सालची लँड रोव्हर डिस्कव्हरी ३. इंजिन २.७ लिटरचं व्ही६ डिझेल, चारही चाकांवर एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली गाडी. मालक भूजल सर्वेक्षणाचं काम करतात, त्यामुळे आठवड्यातले काही दिवस मागे उपकरणांच्या जड पेट्या, कच्चे रस्ते, ओढ्यांची पात्रं. उरलेले दिवस घरची माणसं आणि डांबरी रस्ता. इंजिन आणि गिअरबॉक्स ठणठणीत होते. गाडी विकायचा विचार त्यांच्या मनात नव्हता आणि ती विकावी असं मलाही वाटत नव्हतं.

तक्रार अशी: रात्री उभी केलेली गाडी सकाळी बसलेली दिसायची. कधी नुसतं नाक खाली, कधी अख्खी गाडीच खाली. स्टार्ट केल्यावर फुग्यांत हवा भरणारा कंप्रेसर बराच वेळ घरघरायचा, मग ती हळूहळू उठायची. अलीकडे ऑफरोड उंचीचं बटण दाबलं तरी गाडी अर्ध्यावर थांबायची आणि सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागायचा. शिवाय खड्ड्यातून जाताना पुढून डावीकडे ‘धप्प’ असा आवाज. एका गॅरेजने सांगितलं होतं, एअर काढून टाका आणि चारही ठिकाणी कॉइल स्प्रिंग, म्हणजे साध्या लोखंडी स्प्रिंग, घाला, डोक्याला ताप नको. नात्यातल्या एकाने सांगितलं होतं, नुसता रबरी फुगा बदला, बाकी सगळं चालतंय ना. आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता: “स्ट्रट कोणत्या कंपनीचे घेऊ?”

कंपनीचं नाव शेवटी ठरतं. एअर स्ट्रट घेताना आपण एकाच नळकांड्यात दोन वस्तू घेत असतो: हवेचा फुगा आणि शॉकअब्सॉर्बर. गळतो तो फुगा, म्हणून सगळ्यांचं लक्ष फुग्याकडे. पण इतक्या वयाच्या गाडीत निवडीचा निकाल बहुतेक वेळा शॉकअब्सॉर्बर लावतो, आणि तो कोणत्या अवस्थेत आहे हे कुणी बघितलेलंच नसतं. या गाडीचंही तसंच होतं.

आधी गळतं कुठे ते पाहिलं

डिस्कव्हरी ३ मध्ये एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. गाडी बंद करून ठेवली तरी सस्पेन्शनचं कंट्रोल युनिट ठरावीक अंतराने जागं होतं, चारही कोपऱ्यांची उंची तपासतं आणि सगळ्यात खाली बसलेल्या कोपऱ्याशी बाकीचे जुळवून घेतं. गाडी वाकडी उभी राहू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे गळत असतो एकच कोपरा, पण सकाळी चारही कोपरे खाली दिसतात आणि ‘चारही स्ट्रट गेले’ असं निदान होऊन बसतं. चारही स्ट्रट बदलून मोकळे झालेले लोक मला माहीत आहेत. त्यातले दोन किंवा तीन धडधाकट असण्याचीच शक्यता जास्त.

यावर उपाय सोपा आहे. गाडी सपाट जमिनीवर, नेहमीच्या उंचीला उभी करायची. प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. मग एअर सस्पेन्शनचा फ्यूज काढायचा. आता कंट्रोल युनिटला रात्रीतून काहीच करता येत नाही आणि प्रत्येक कोपरा स्वतःच्या गळतीइतकाच खाली येतो. सकाळी पुन्हा माप.

या गाडीत पुढचा डावा कोपरा ७० मिलिमीटर खाली आला होता, पुढचा उजवा १२ मिलिमीटर, मागचे दोन्ही जेमतेम तीन-चार. रात्री हवा थंड झाली की आकुंचन पावते, त्यामुळे तीन-चार मिलिमीटर कुठल्याही निरोगी गाडीत खाली येतातच, ते गळतीत धरायचे नाहीत. म्हणजे मागचे स्ट्रट हवा धरून होते. पुढचा डावा गेलेला, पुढचा उजवा त्याच वाटेवर.

पण ‘डावा कोपरा गळतो’ म्हणजे ‘डावा स्ट्रट गळतो’ असं लगेच होत नाही. हवा स्ट्रटमधून जाईल, त्याच्या डोक्यावरच्या पितळी जोडातून जाईल, नायलॉनच्या नळीतून जाईल किंवा कोणत्या स्ट्रटला हवा द्यायची-सोडायची ते सांभाळणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमधून जाईल. म्हणून दुसऱ्या रात्रीसाठी गाडी ऑफरोड उंचीला, म्हणजे नेहमीपेक्षा ५५ मिलिमीटर वर नेली, फ्यूज काढला आणि तशीच ठेवली. आधीच्या प्रयत्नात ती अर्ध्यावर थांबत होती, म्हणून कंप्रेसरला मध्ये थंड होऊ देत दोन टप्प्यांत वर घेतली. सकाळी डावा कोपरा फक्त १८ मिलिमीटर खाली.

हा फरक फार बोलका आहे. जोड किंवा व्हॉल्व्ह गळत असता तर गाडीच्या उंचीने त्याला एवढा फरक पडला नसता. स्ट्रटचा फुगा म्हणजे धाग्यांच्या कापडाने बळकट केलेली रबराची नळी. तिचं खालचं टोक आत दुमडून पिस्टनवर बसवलेलं असतं आणि चाक वर-खाली होताना ही दुमड पिस्टनवरून सरकत राहते. गाडी वर्षानुवर्षं एकाच उंचीला उभी राहते, म्हणून रबर त्या एकाच घडीवर सगळ्यात जास्त शिणतं. तिथेच धूळ आणि वाळूचे कण अडकतात आणि प्रत्येक हालचालीत रबराला घासतात. गाडी वर उचलली की घडी दुसऱ्या, ताज्या रबरावर जाते आणि गळती मंदावते. उंचीनुसार गळती बदलली तर संशय घडीवर घ्यायचा.

चाक काढलं, आतलं प्लास्टिक काढलं, घडीवरची माती साध्या पाण्याने धुतली आणि ब्रशने साबणाचं पाणी लावलं. काही क्षण काहीच दिसलं नाही. मग घडीच्या कडेने, साधारण बोटभर लांबीत, मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत उगवायला लागले. फुटायचे आणि त्याच जागी पुन्हा यायचे. बॅटरीच्या उजेडात रबर थोडं ताणून पाहिलं तर बारीक आडव्या भेगांची जाळी दिसत होती. उजवीकडच्या स्ट्रटवर भेगा तशाच, बुडबुडे मात्र दोन-तीनच. वरचे जोड आणि पुढचा व्हॉल्व्ह ब्लॉक कोरडे.

मग शॉकअब्सॉर्बर

एअर सस्पेन्शनच्या गाडीत बॉनेट दाबून ‘किती वेळा झुलते’ बघण्याच्या चाचणीवर माझा फारसा भरवसा नाही. तीन गोष्टी बघितल्या. धुळीपासून वाचवणारं रबरी आवरण वर सरकवून शॉकअब्सॉर्बरच्या दांड्याभोवती हात फिरवला: पुढच्या दोन्हींवर तेलाचा ओलसर थर आणि त्यावर चिकटलेली माती, मागचे दोन्ही कोरडे. पुढच्या टायरवर हात फिरवला: ठरावीक अंतरावर उंचवटे-खळगे लागत होते, चाक जमिनीवर नीट टेकून राहत नसल्याची ही खूण. आणि नालीदार कच्च्या रस्त्यावर गाडी चालवली: मागचं अंग पटकन स्थिरावत होतं, नाक मात्र उसळल्यावर आणखी एक-दोनदा डोलत होतं.

म्हणजे पुढच्या दोन्ही स्ट्रटमध्ये फुगाही थकलेला आणि शॉकअब्सॉर्बरही. या एका निरीक्षणाने अर्धे पर्याय तिथेच बाद झाले.

‘धप्प’ आवाजाचं कारण मात्र वेगळंच निघालं. चाकाला खालून चेसिसशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी तुकड्यात, टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबलं तर आर्म सहज सरकत होता. बुशचं रबर चिरलेलं होतं. या गाडीचं वजन अडीच टनांच्या आसपास आहे आणि पुढच्या लोअर आर्मचे बुश हा तिचा जुना दुखरा भाग. बुश तसेच ठेवून नवे स्ट्रट बसवले असते तर आवाज कायम राहिला असता आणि दोष नव्या स्ट्रटच्या माथी आला असता. स्ट्रटबद्दल वाचायला मिळणाऱ्या तक्रारींपैकी किती या प्रकारच्या असतील, असं मला नेहमी वाटतं.

कंप्रेसर मागच्या डाव्या चाकाच्या पुढे, चेसिसच्या बाहेरच्या बाजूला असतो. गाडीच्या कंट्रोल युनिटला जोडायच्या निदान यंत्रावर हवेच्या टाकीचा दाब बघत तो चालवला. दाब चढत होता, पण फार सावकाश, आणि वरच्या टप्प्यात रेंगाळत होता. टाकी पूर्ण भरली की दाब १५ बारच्या वर जायला हवा. इथे त्याआधीच कंप्रेसर तापून बंद पडत होता. ऑफरोड उंची अर्ध्यावर का थांबते याचं उत्तर इथे मिळालं. उघडल्यावर कंप्रेसरच्या पिस्टनची सील झिजलेली दिसली आणि हवेतला ओलावा शोषणाऱ्या ड्रायरच्या गोळ्यांचा बराचसा भुगा झाला होता. कंप्रेसरला वीज देणाऱ्या रिलेचे पॉइंट काळे पडले होते. गळका फुगा भरत राहण्यासाठी कंप्रेसर रोज जादा वेळ चालतो आणि त्यातच संपतो. उलट बाजूही तितकीच खरी: ड्रायर गेला की ओलावा आणि पांढरा भुगा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरतो आणि नव्या स्ट्रटलाही स्वस्थ बसू देत नाही. म्हणून कंप्रेसरकडे न बघता स्ट्रट बदलायचं काम मी हातात घेत नाही.

पर्याय

कॉइल स्प्रिंगच्या सल्ल्यापासून सुरुवात केली, कारण मालकांच्या मनात तो घर करून होता. डिस्कव्हरी ३ काही बाजारांत कारखान्यातूनच कॉइल स्प्रिंगवरही विकली गेली, त्यामुळे कॉइलवर ही गाडी चालतच नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. फक्त डांबरी रस्त्यावर चालणारी, ओझं न वाहणारी गाडी असेल आणि एअरचे सुटे भाग मिळणं दुरापास्त असेल, तर तो पर्याय विचारात घेता येतो. पण या मालकांनी काय गमावलं असतं?

पहिलं म्हणजे समतोल. मागे पेट्या भरल्या की एअर सस्पेन्शन मागचं अंग उचलून गाडी सपाट करतं. कॉइलला एकच ताठपणा: भरलेल्या गाडीसाठी निवडली तर रिकामी गाडी उडत चालते, रिकाम्यासाठी निवडली तर भरल्यावर मागे बसते.

दुसरं नुकसान याहून मोठं आहे आणि त्याची चर्चा कमी होते. डिस्कव्हरी ३ ची चारही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनची आहेत. अशा गाडीचं एक चाक दगडावर चढलं की समोरासमोरचं दुसरं चाक हवेत लोंबायची शक्यता असते, कारण त्यांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल नाही. यावर कारखान्याने हवेतूनच तोड काढली. खडबडीत जागी सावकाश चालताना त्याच अ‍ॅक्सलवरच्या डाव्या-उजव्या स्ट्रटमधला व्हॉल्व्ह उघडतो आणि दोन्हींची हवा एकमेकींना मिळते. वर दाबल्या गेलेल्या चाकाकडची हवा दुसरीकडे ढकलली जाते आणि ते दुसरं चाक खाली, जमिनीकडे रेटलं जातं. अखंड अ‍ॅक्सलचं काम हवा करते. पोट टेकलं तर गाडी ते ओळखून आणखी थोडी वर उठते, तीही याच हवेवर. ओढ्याच्या पात्रात उतरणाऱ्या माणसाच्या गाडीतून हे सगळं काढून घेणं मला पटलं नाही. मालकांना जॅकवर चढवलेल्या गाडीखाली नेऊन हे दाखवलं आणि तो विषय तिथेच संपला.

नुसता फुगा बदलायचा पर्याय शॉकअब्सॉर्बर बघितल्यावर उरलाच नव्हता. तेल सोडणाऱ्या दांड्यावर नवा फुगा चढवला तर काही महिन्यांनी तोच स्ट्रट पुन्हा उतरवावा लागतो. शॉकअब्सॉर्बर कोरडा आणि जोरकस असेल, तर हा पर्याय वाईट नाही. फक्त फुग्याच्या टोकाची धातूची कडी योग्य यंत्रावर एकसारखी आवळली गेली पाहिजे. ती हाताने आवळून भागत नाही.

भंगारातल्या गाडीचे स्ट्रट? त्यांच्या रबराचं वयही आपल्या रबराइतकंच. तो विचार पुढे नेला नाही.

पुनर्निर्मित स्ट्रटवर मात्र वेळ घालवावा लागला. हे जुन्याच सांगाड्यावर नवा फुगा बसवून येतात, डब्यावर छान नाव असतं, हमी असते. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच: “आतला शॉकअब्सॉर्बर नवा आहे की तपासलेला?” ‘तपासलेला’ असं उत्तर आलं तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतला जुना शॉकअब्सॉर्बर आहे. एका ठिकाणी उत्तर मिळालं, “चालतो म्हणूनच पाठवतो ना.” तपासणीत काय मोजतात, दोन्ही बाजूंच्या स्ट्रटचा जोर एकमेकांशी जुळवतात का, याला उत्तर नव्हतं. आम्ही तिथून बाहेर पडलो. शॉकअब्सॉर्बर बदलून देणारे पुनर्निर्माते असतात आणि ते हे लेखी सांगतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

उरला संपूर्ण नवा स्ट्रट. त्यातही तीन थर: लँड रोव्हरच्या डब्यातला मूळ भाग, एअर स्प्रिंगमध्ये मुरलेल्या कंपन्यांचा, उदाहरणार्थ डनलॉप, जिचं नाव रेंज रोव्हरच्या सुरुवातीच्या एअर सस्पेन्शनपासून या कामाशी जोडलेलं आहे, किंवा बदली एअर स्ट्रटच बनवणारी अमेरिकेतली अर्नॉट, आणि तिसरा थर म्हणजे नाव नसलेला किंवा रोज नाव बदलणारा माल.

हातात घेऊन काय बघितलं

चित्रावरून स्ट्रट निवडता येत नाही. डिस्कव्हरी ३ आणि तिच्याच पायावर बनलेली पहिली रेंज रोव्हर स्पोर्ट यांचे स्ट्रट दिसायला जवळचे, पण डिस्कव्हरीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २८८५ मिलिमीटर आणि स्पोर्टचा २७४५. वजनाची वाटणी वेगळी, शॉकअब्सॉर्बरचा जोरही वेगळा. नंतरच्या काही स्पोर्टमध्ये तर शॉकअब्सॉर्बर विजेवर जोर बदलणारे आहेत आणि त्यांना वेगळी वायर लागते. म्हणून चेसिस क्रमांकावरून भाग क्रमांक काढायचा, जुन्या स्ट्रटवरचा क्रमांक त्याच्याशी ताडायचा आणि मगच मागणी नोंदवायची. ‘सगळ्या मॉडेलला बसतो’ असं लिहिलेला स्ट्रट मी घेत नाही.

लांबी हा मुद्दा सहसा कुणी काढत नाही. या गाडीची उंची स्ट्रट ठरवत नाही; ती प्रत्येक चाकाजवळचा उंचीचा सेन्सर ठरवतो, स्ट्रटमध्ये हवा त्याच्या सांगण्यावरून भरली जाते. त्यामुळे थोडा लांब किंवा आखूड स्ट्रट बसवला तरी उभी गाडी अगदी बरोबर दिसते. दोष कळतो तो चाक पूर्ण लोंबतं तेव्हा. स्ट्रट लांब असेल तर चाकाला ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे आणि आर्मच्या टोकाचे बॉल जॉइंट गरजेपेक्षा जास्त कोनात ताणले जातात, आखूड असेल तर चाक लवकर जमीन सोडतं. म्हणून जुना उतरवल्यावर, पूर्ण ताणलेल्या अवस्थेत, वरच्या बैठकीपासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत जुना आणि नवा शेजारी ठेवून मोजायचा. ‘उंची वाढवणारे स्ट्रट’ असा दावा दिसला तर याच कारणाने सावध राहावं; उंची वाढवणारे लोक सेन्सरच्या दांड्या बदलतात, आणि तसं करून गाडी कायम वर चालवली की सांध्यांचं आयुष्य कमी होतं.

बाकी तपासणी डोळ्यांची आणि बोटांची. रबरावरची निर्मितीची तारीख: कपाटात वर्षानुवर्षं पडलेला ‘नवा’ स्ट्रट मला नको असतो. फुग्याच्या दोन्ही टोकांच्या कड्या सगळीकडून एकसारख्या आवळलेल्या. धुळीचं आवरण जाड, दोन्ही टोकांना नीट अडकवलेलं. हे आवरण फाटलं की वाळू आत जाते आणि फुगा कितीही भारी असला तरी त्याचं आयुष्य घटतं, त्यामुळे चिखलात जाणाऱ्या गाडीसाठी मी रबराच्या जाडीइतकंच वजन आवरणाला देतो. वरचा जोड आणि खालचा बुश सोबत येतात का, तेही विचारायचं. स्वस्त मालात बुश जुनाच वापरा म्हणतात.

हमीचा कागद नीट वाचला. किती वर्षांची, यापेक्षा कशाची हे महत्त्वाचं: फुगा आणि शॉकअब्सॉर्बर दोन्ही त्यात आहेत का, कच्च्या रस्त्यावरचा किंवा व्यवसायासाठीचा वापर वगळलाय का. एका स्वस्त स्ट्रटच्या हमीतून नेमका व्यवसायासाठीचा वापर वगळलेला निघाला, म्हणजे या मालकांसाठी ती हमी असून नसल्यासारखी.

ठरलं ते असं: पुढचे दोन्ही, संपूर्ण नवे, डनलॉपचे. मूळ डब्यातला भाग घ्यायचं कारण सापडलं नाही, कारण हातात घेतलेल्या स्ट्रटने वरच्या सगळ्या कसोट्या पार केल्या होत्या. मागचे आहेत ते ठेवायचे. मालकांनी विचारलं, “आता उघडतोच आहोत तर चारही का नको?” मागचे हवा धरत होते, तेल सोडत नव्हते, आवरणं शाबूत होती, चालणारा भाग काढून टाकण्यात शहाणपण नाही. “मग पुढचा उजवा तरी कशाला? तो फार गळत नाही.” त्याचा शॉकअब्सॉर्बर ओला होता हे एक. आणि एका अ‍ॅक्सलवर एका बाजूला ताजा, दुसऱ्या बाजूला थकलेला शॉकअब्सॉर्बर असला की जोरात ब्रेक मारताना आणि वळणावर गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. अ‍ॅक्सलवर जोडी बदलायची, हा नियम मी मोडत नाही.

बसवताना

सगळी पद्धत इथे देत नाही, पण निवडलेल्या स्ट्रटचं आयुष्य ज्यावर ठरतं त्या गोष्टी सांगतो.

गाडी पक्क्या स्टँडवर घेतली. एअर सस्पेन्शनच्या जोरावर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. ती कधी खाली यायचं ठरवेल सांगता येत नाही. स्ट्रटमधली हवा निदान यंत्रातून सोडली, मग फ्यूज काढला, आणि तरीही जोड सैल करताना चष्मा घालून, तोंड बाजूला ठेवून काम केलं, कारण थोडा दाब आत राहतोच. जुन्या नळीचं टोक धारदार कटरने सरळ कापलं. पितळी जोड रुतून ओरखडलेलं टोक नव्या जोडात गळतं. पितळी जोड नवे वापरले. नव्या स्ट्रटच्या तोंडावरचं बूच नळी जोडायच्या क्षणापर्यंत काढलं नाही.

स्ट्रटमध्ये हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन त्याच्यावर कधीही येऊ द्यायचं नाही. रिकाम्या फुग्याची घडी चुकीच्या जागी पडते, रबर पिस्टन आणि कडीच्या मध्ये चिमटतं आणि नवा कोरा स्ट्रट पहिल्याच दिवशी जातो. आधी चाक लोंबत ठेवून हवा भरली, घडी चौफेर सारखी बसली का हे हाताने फिरवून पाहिलं, मग हळूहळू वजन दिलं.

लोअर आर्मचे बुश याच वेळी बदलले. त्यांचे आणि स्ट्रटच्या खालच्या बुशचे बोल्ट गाडी नेहमीच्या उंचीला आल्यावरच अखेरचे आवळले. लोंबत्या चाकावर आवळले तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आर्मचे बोल्ट गंजून बुशच्या धातूला धरले होते, त्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. आर्म हलवल्यामुळे व्हील अलाइनमेंट करणं भाग होतं, तेही केलं.

कंप्रेसरला पिस्टनची नवी सील, ड्रायरमध्ये नव्या गोळ्या, नवा रिले. नंतरच्या गाड्यांमध्ये आलेला एएमके कंपनीचा कंप्रेसरही या गाडीला बसवता येतो, पण त्यासाठी कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर अद्ययावत करावं लागतं. मूळ हिताची कंप्रेसरचा सिलिंडर चांगला असल्याने इथे गरज पडली नाही. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या तोंडाशी पांढरा भुगा सापडला नाही, म्हणून ते उघडले नाहीत.

काम झाल्यावर

पुन्हा तीच रात्रीची चाचणी: टेप, फ्यूज काढलेला. चारही कोपरे तीन ते पाच मिलिमीटरच्या आत. सकाळी स्टार्ट केल्यावर कंप्रेसर थोडा वेळ चालून थांबला. पेट्या भरलेल्या असतानाही गाडी ऑफरोड उंचीला एका दमात गेली. नालीदार रस्त्यावर नाक एकदाच खाली जाऊन स्थिरावतं, आणि ‘धप्प’ गेला, तो बुशमुळे. पुढचे खळगे पडलेले टायर मात्र नव्या शॉकअब्सॉर्बरने सुधारत नाहीत. त्यांचा गुणगुणाट टायर बदलेपर्यंत राहणार, हे मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मागच्या जोडीसाठी आता एक वही आहे. ऋतू बदलला की मालक स्वतः रात्री माप घेतात, फ्यूज काढतात, सकाळी पुन्हा माप घेऊन लिहितात. चिखलातून आल्यावर चारही घड्यांवर साध्या पाण्याचा पाइप धरतात. जास्त दाबाचा फवारा नाही, तो माती आवरणाच्या आत ढकलतो. मागचा कुठलाही कोपरा रात्रीत १५ मिलिमीटरच्या पुढे गेला, किंवा दांड्यावर ओल दिसली, तर मागची जोडी घ्यायची. तिचे भाग क्रमांक चेसिस क्रमांकावरून काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिले आहेत.